दादाचा फॉरवर्ड

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

तुमच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाची प्रुफं सोबत पाठवतेय. इथल्या हाटकेश भागातल्या प्रेसमधलं माझं काम संपल्यावर रोज तिथेच बसून दोनशे पानं टाइप केली. डोळे ठीक आहेत, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्हीच शाळेत शिकवलंत, लेखक स्वतः लिहितो तो प्रिफेस आणि दुसऱ्या कुणा मानाच्या माणसाकडून लिहून घेतात तो फोरवर्ड. प्रिफेसमध्ये तुम्ही माझे आभार मानलेत, प्रेसमालक आणि बाइंडर यांच्या मधोमध. फोरवर्ड मात्र जितेंद्रदादाचा. बँकेत साहेब झाला म्हणून? त्याने पुस्तक उघडलं तरी का? मला विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायचं तरी.

आणि त्याने मथळ्याचं स्पेलिंग काय केलंय माहितीये? व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पुढे ढकलतात, तो फॉरवर्ड! व्याकरणाच्या पुस्तकात, पहिल्याच पानावर.

दोन दिवस ते तसंच ठेवलं होतं. छापून येऊ दे म्हटलं, सगळ्या कुडाळला कळू दे.

काल सुधारलं. तुम्हाला सांगणारही नव्हते.

तुमची,
नेत्रा