तळाशी राहिलेली साखर

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या नववीतल्या मिनूनं विचारलं, "आजोबा, संपृक्त द्रावण म्हणजे काय?"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी. चहाचा कपच दाखवला, तळाशी साखर होतीच. "बघ वं, आणखी विरघळत नाही, म्हणजे संपृक्त."

"पण तुम्ही चमच्यानं काहून नाही हलवलं?" तिनं हलवलं. साखर विरघळून गेली.

इतकी साधी चूक, अन् मी?

बायको जाऊन आठ महिने झाले. सुमनले डायबिटीस होता, म्हणून चहा बिनसाखरेचाच व्हायचा. माझी साखर ती कपात घालून, हलवून द्यायची. घालायचं मी शिकलो. हलवायचं राहिलं. तळाची साखर रोज मोरीत ओतली.

आठ महिने फिका चहा पिऊन राहिलो. मले वाटलं, तोंडाची चवच गेली.