पाचव्या तारेची झिणझिण

गोंदिया

प्रिय उमेंद्र,

पाच तारांचा बेस गिटार स्वस्तात बघून ठेव म्हणालास, तेव्हा मला हसूच आलं. भाजी आणायला सांगावी तसं सांगतोस. पण गेले. तुझ्या भाऊजींचं वाजवणं इतकी वर्षं ऐकलं, तेवढी अक्कल तर मला आली असेलच.

हिरालालच्या दुकानात दोन होते. एक लाल, नवाकोरा, नवरदेवासारखा सजलेला. पण त्याची पाचवी, सगळ्यात जाड तार नुसती फडफडत होती. स्वस्तातल्या बेसचं पितळ तिथंच उघडं पडतं, असं तुझे भाऊजी म्हणायचे. चार तारा गातात आणि पाचवी घोरते. दुसरा काळा, वापरलेला. त्याची मान सरळ, आणि पाचवी तार छेडली की आवाज कानाआधी पोटात जातो. कामठ्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत, तुमच्या ऑर्केस्ट्राला असाच हवा. मी काळाच घेतला.

पण त्याआधी एक झालं. वाद्याला हात लावायचा म्हणून मी सवयीने चपला काढल्या. हिरालालने बेस ॲम्पला जोडून दिला, आणि तारांवर बोटं ठेवताच कोपरापर्यंत झिणझिण आली. मी हात मागे घेतला. तो हसला, "जिवंत वाद्य आहे ना बाई, कायले डरून राहिली?" हेच तुझे भाऊजी म्हणायचे. मंडईहून आले की बोटं चोळत सांगायचे, आज तार जिवंत होती, देवी हातात उतरली होती. ऐकून मलाही बरं वाटायचं.

मी चपला घालून पुन्हा हात लावला. काही नाही. काढल्या, की झिणझिण. मग वायर बघितली. ॲम्पच्या प्लगची जाड पिन छाटलेली होती. गावातल्या कुठल्याही बोर्डात बसावा म्हणून सगळ्याच छाटतो, म्हणाला. अरे, ती अर्थिंगची असते, तीच शॉक अडवते म्हटलं, तर आजवर काही झालं का, असं त्याने मलाच विचारलं. त्याला आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, कोण जाणे. तुझ्या भाऊजींच्या शेवटच्या कार्यक्रमाला साउंड त्याचाच होता.

कामठ्यालाही त्याचाच आहे. लोखंडी मंच धान कापलेल्या बांधीत उभा राहील, आणि यंदा दिवाळीनंतरही पाऊस झाल्यामुळे बांधी ओलीच आहे. तुम्ही सगळे मंचाच्या पाया पडून चपला खाली काढणार आणि अनवाणी वाजवणार.

फोनवर बोलले नाही, कारण आई फोन स्पीकरवर टाकते, आणि तिला आजही वाटतं की जावई अटॅकने गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं, मीही मानलं. त्यांच्या बोटांवर काळ्या रेघा होत्या. तारा दाबून पडल्या असतील, असं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. उमेंद्र, मला तुझी फार भीती वाटते आहे. प्लग बदलून घे, वायरमनकडून अर्थिंग तपासून घे, त्याशिवाय तारेला हात लावू नकोस. पायात चपला ठेवून वाजवलंस तर लोक म्हणतील, मंचाचा मान राखला नाही. म्हणू दे. बेससोबत रबरी चपला पाठवते आहे. तुला मापात येतील. भाऊजींच्या आहेत, त्या दिवशी मंचाखाली राहिल्या होत्या.

तुझीच,
भूमेश्वरीताई