एव्हाझिओकाकांची गाठ

१२ जानेवारी १९५८, रविवार

आलो एकदाचा. कझालेहून बस, पुढे अर्धा तास चिखल तुडवत चढण. बुटांना शेर शेर माती लागली. पण टेकडीच्या खांद्यावर व्हेर्नास्कोंचं घर दिसलं, धुराड्यातून धूर निघत होता, आणि मी चक्क शीळ घालायला लागलो. दोन वर्षांतली ही माझी तिसरी नोकरी. आधीच्या दोन्ही जिभेपायी गेल्या. ही टिकवायची. म्हणून ही वही घेतली आहे: जे तोंडावर येईल ते इथे ओकायचं आणि लोकांसमोर गप्प बसायचं.

मालकीणबाई एर्मेलिंदा स्वतः दारात आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठ मात्र ताठ. हा द्राक्षमळा त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांनी लावला. नवरा गेला, मूलबाळ नाही, आता सगळं त्याच बघतात. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, की लिव्हिओ, हात छाटणीवाल्याचे आहेत, तोंड मात्र वकिलाचं दिसतंय. जेवायला पोलेन्ता, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, आणि सशाचा रस्सा होता, वर त्यांच्या मळ्यातल्या ग्रिन्योलीनो वाइनचा पेला. रंगाने फिकट, पण घशाला छान चावते. आमच्या अल्बाकडे हिला पाणी म्हणून हिणवतात. आमच्याकडच्या लोकांना काही कळत नाही.

१४ जानेवारी

छाटणीला लागलो. जोडीला एव्हाझिओकाका. वय शहात्तर, त्यातली साठ वर्षं याच मळ्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वेल बघत नाहीत, चाचपतात. सालीवरून बोटं फिरवली की जात सांगतात, ही बार्बेरा, ही फ्रेइझा, ही ग्रिन्योलीनो आणि जरा रुसलेली. पानं नसताना मला सगळ्या काळ्या काटक्याच दिसतात, पण असं कबूल कोण करतो!

इथली एक रीत मला आवडली. ज्याने ओळ छाटली त्याने ओळीच्या पहिल्या खांबाला वाळुंजाच्या ओल्या काडीने आपली गाठ बांधायची. प्रत्येकाची गाठ वेगळी, त्यामुळे काम कुणाचं ते मालकीणबाईंना विचारावं लागत नाही. काकांची गाठ तीन वेढ्यांची, टोक आत खोचलेलं. माझी साधी, दोन फाशांची. काकांनी ती चाचपली आणि म्हणाले, की ही गाठ आहे का बुटाची नाडी. या गाठीने गाढव बांधलंस तर ते तुझ्याआधी घरी पोचेल. राग आला आणि हसूही आलं. दुपारी त्यांच्याकडून त्यांची गाठ शिकून घेतली.

चौदाव्या ओळीत मुनिया आहे. ही या घराचीच जात, दुसरीकडे कुठे नाही. इथल्या बोलीत मुनिया म्हणजे जोगीण. घोस मान खाली घालून बसल्यासारखा लागतो म्हणे. रोगात बाकीच्या गेल्या, आजोबांच्या हातची ही एकच उरली. फेब्रुवारीत तिच्या काड्या घेऊन कलमं करायची आहेत. डोळे मिटायच्या आत मुनियाची एक पूर्ण ओळ बघायची, एवढीच मालकीणबाईंची इच्छा आहे. काका कसल्या खुणा समजावत होते, लाल लोकर, पांढरी लोकर. मी म्हटलं, माहीत आहे हो काका, पंधरा वर्षं हेच करतोय.

२१ जानेवारी

आज माझ्या हातून घडलं ते नीट लिहितो. निदान इथे तरी.

सकाळी दाट धुकं होतं. काका तेराव्या ओळीत, मी चौदाव्या. आमच्या अल्बाकडे रोगट वेलीला हिवाळ्याआधी लाल लोकर बांधून ठेवतात. ती दिसली की बुंध्यातून करवत चालवायची आणि रोग पसरू नये म्हणून लाकूड त्याच दिवशी जाळायचं. ओळीच्या मध्यावर एक जाडजूड बुंधा होता, लाल लोकरीचा. मुनिया याच ओळीत आहे हे धुक्यात आठवलंही नाही, मी कापला. जेवायच्या सुट्टीत त्याच लाकडावर आम्ही सॉसेज भाजले. काकांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, की आज विस्तवाला वास गोड येतोय, कसलं रे लाकूड. मी म्हटलं, रोगट वेलीचं. तर म्हणाले, की पांढरी लोकर नीट बघितलीस ना, लाल आपल्याकडे फक्त मुनियाला असते.

हो, बघितली, असं म्हणालो.

जेवून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि डुलकी काढली. मी धावत चौदाव्या ओळीच्या तोंडाशी गेलो, माझी गाठ सोडली आणि त्यांची बांधली. तीन वेढे, टोक आत.

२३ जानेवारी

काल संत विन्चेन्झोचा सण. मळेवाल्यांचा संत. या दिवशी मालकीणबाई मुनियाच्या मुळाशी पेलाभर वाइन ओततात, सगळे गडी मागे उभे राहतात. काल पेला तसाच भरलेला राहिला. त्यांनी बुंध्याचा पांढरा काप बघितला. चालत खांबापाशी गेल्या, गाठ बघितली आणि परत येऊन सगळ्यांदेखत काकांच्या कमरेची कात्री काढून घेतली.

काका म्हणाले, की चौदावी ओळ मी केलीच नाही. बाईंनी त्यांचा हात धरून त्या गाठीवर ठेवला. काका बराच वेळ ती चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, की हो, आहे माझीच.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर तिथेच टोपी हातात घेऊन उभा होता. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मला नोकरी आठवली.

५ फेब्रुवारी

काकांची मुलगी देल्फिना पाव घेऊन आली होती. सांगत होती, की बाबा दिवसभर चुलीपाशी बसून मुठी उघडतात आणि मिटतात. मला न सांगता माझ्या हातांनी असं कसं केलं, हेच विचारत बसतात. तिने मला एकदा घरी यायची गळ घातली. गेलो. काकांनी माझी बाही धरली आणि विचारलं, की लिव्हिओ, तू जवळच होतास ना, तू मला त्या ओळीत बघितलंस का.

मी म्हटलं, काका, धुकं फार होतं.

उद्या सांगतो त्यांना. उद्या नक्की.

८ मार्च

सांगायचं राहिलं ते राहिलंच. परवा सकाळी काका मुनियाच्या खुंटापाशी बसलेले सापडले, टेकून झोपल्यासारखे, एक तळवा कापावर. वेली आता रडायला लागल्या आहेत. मार्चमध्ये छाटलेल्या टोकांतून पाणी ठिबकतं, दरवर्षीचंच आहे. पण काकांची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. डोक्यावरून पाणी घेतल्यासारखी छातीही ओली.

देल्फिनाने मला शवपेटीला खांदा द्यायला सांगितलं. बाबांना तू आवडायचास म्हणाली. मी दिला.

दफन कब्रस्तानाच्या दाराजवळच्या मोकळ्या जागेत झालं. व्हेर्नास्कोंच्या जुन्या गड्यांना चर्चमागे दगडावर नाव मिळतं. मुनिया मारणाऱ्याचं नाव तिथे लागणार नाही, असं मालकीणबाईंनी सांगितलं. देल्फिना रुमाल घट्ट धरून उभी होती.

१४ मार्च

नववी, सोळावी, सतरावी. तिन्ही ओळी माझ्या, माझ्या हाताच्या गाठी. आज सकाळी तिन्ही खांबांवर तीन वेढे आणि टोक आत. काडी ताजी, सालीला अजून हिरवा वास.

कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी सोडून टाकल्या. दुपारी परत बघितलं तर विसावीवरही तीच.

१८ मार्च

सगळ्यांवर. माझ्या एकूण एक ओळींवर. मालकीणबाईंनी बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, की म्हाताऱ्याची आठवण म्हणून त्याची गाठ बांधतोस, चांगल्या आईच्या पोटचा आहेस.

मान खाली घातली. त्यांना तीही नम्रताच वाटली.

२३ मार्च

भर उन्हात खांबासमोर बसलो. काडी घेतली आणि माझी साधी गाठ बांधायला लागलो, दोन फासे. शेंबडं पोरही बांधेल अशी. बोटं थांबली नाहीत. तीन वेढे. टोक आत. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. अकरा वेळा. अकराही वेळा तीच.

बुटाची नाडीही तशीच बांधली गेली. कापूनच काढावी लागली.

३० मार्च

सांगितलं. शेवटी सांगून टाकलं. स्वयंपाकघरात मालकीणबाईंसमोर उभा राहून सगळं ओकलो, लोकर, करवत, सॉसेज, गाठ. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, की मेलेल्याचं ओझं अंगावर घ्यायला निघालास, पण गाठ खोटं बोलत नसते, बाळ. आणि वाढलं. मी जेवलो पण.

तिथून देल्फिनाकडे गेलो. ती चिडली. म्हणाली, की बाबांनी मरायच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबांसमोर हे पाप कबूल केलं, क्षमा मागितली. आता तू येऊन माझ्या बापाला देवासमोर खोटा ठरवतोस? मी तिचे पाय धरायचा बाकी होतो. मग जरा शांत झाली आणि म्हणाली, की खरं असेल तर तुझ्या हाताने लिही, खाली सही कर. रविवारी चर्चमध्ये वाचायला देईन. मग त्यांचं नाव दगडावर लावावंच लागेल.

लिहितो. एवढं तर करूच शकतो.

५ एप्रिल

धुकं आहे. सकाळपासून. बाकीचे म्हणतात लख्ख ऊन आहे.

ओळीतून परत येताना हात वेलींवरून गेला. बार्बेरा. बार्बेरा. फ्रेइझा. ही ग्रिन्योलीनो, रुसलेली. मी थांबलो. मला हे कुणी शिकवलं?

९ एप्रिल

कागद लिहून दिला. एकच ओळ चार वेळा जपून लिहिली, नाक कागदाला लावून. 'मी, लिव्हिओ, मुनिया कापली.' सही केली. देल्फिनाने वाचला. मग विचारलं, की ही थट्टा करायला तुला माझ्याच दारात यायचं होतं का. मी म्हटलं, वाच ना मोठ्याने. तिने वाचला. 'मी, एव्हाझिओ, मुनिया कापली.' चारही ओळी तशाच. अक्षर त्यांचं, म्हणाली. माझ्या बापाचं अक्षर मी ओळखत नाही का.

दार लावून घेतलं.

१५ एप्रिल

सगळ्या वेलींना पालवी — बाकीच्या गड्यांनी सांगितलं. पाणी कधीच थांबलं. मुनियाचं थांबत नाही. खुंट अजून वाहतोय, खाली चिखल झालाय.

माझे तळवे ओले. पुसतो, परत ओले. जीभ लावली. वेलीचं पाणी. फिकं, जरासं गोड.

१९ एप्रिल

आज मालकीणबाईंनी हाक मारली, एव्हाझिओ. चुकून. त्या हसल्या, माफ कर म्हणाल्या. मी तोवर ओ दिली होती.

काका, पुरे करा. तुमची सजा मी भोगतो — पण भोगतोय मी आणि नाव तुमचंच — दोष दरवेळी तुमच्याच माथी. मी जे केलं ते हात पुन्हा पुन्हा करतायत. मला ते मागे घ्यायचंय. घेता येत नाही.

२४ एप्रिल

नवा दगड बसवला आज. चर्चमागे, जुन्या गड्यांच्या नावांचा. काकांचं नाव नाही. देल्फिना तिथे उभी होती, मी जवळ गेलो तर सरकली.

एव्हाझिओकाकांनी काही केलं नाही हे या जगात फक्त मला माहीत आहे. मीही विसरलो तर —

आज क्षणभर वाटलं, करवत त्यांच्याच हातात होती. धुक्यातून दिसले. खरंच दिसले —

नाही. नाही. मी होतो.

२७ एप्रिल

दिसत नाही. चाचपून लिहितो. या वहीत अजून माझा हात चालतो, इथे मी कधीच खोटं लिहिलं नाही. पान फाडून दाराखालून आत सरकवेन, देल्फिना. तुझ्या बापाने काही केलं नाही. लाल लोकर मी चुकलो. करवत माझी. गाठ मी बदलली, ते झोपले होते. त्यांचं नाव दगडावर लाव. पान भिजतंय, लवकर लिहायला हवं. खाली सही करतो, वाचता येईल अशी, मोठ्या अक्षरात — मी — हे सगळं करणारा मी — माझं नाव — थांब — माझं नाव एव्हा