तूच लिहून आण, मी सही करतो

३ ऑगस्ट, सकाळ
विभागात नोटीस लागली. अर्धवट राहिलेला प्रबंध पुरा करायला एका वर्षाची फेलोशिप. आमच्या विभागाला एकच. म्हणजे मला. विभागात माझ्याइतका अर्धवट राहिलेला दुसरा आहे कोण? (वाक्य चुकलं. माझ्याइतका पुढे गेलेला, असं म्हणायचं होतं.)
शेवटची तारीख ३१. अर्जासोबत एक चॅप्टर आणि गाइडचं शिफारसपत्र. चॅप्टर तीन देणार. तो डोक्यात पूर्ण तयार आहे, फक्त कागदावर उतरवायचा. रोज तीन पानं. आजपासून.
विषय: सार्वजनिक बाकड्यांचा सामाजिक इतिहास. लोक हसतात. हसोत बापडे. पाय दुखायला लागले की कळतं त्यांना.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
बायकोला सांगितलं. तिला विमा कंपनीत बढती येते, पण बदलीसकट. दोनदा तिने माझ्या प्रबंधापायी नाही म्हटलं. आता तिसरी वेळ. चौथी येणार नाही. सप्टेंबरअखेर कळवायचंय. ती म्हणाली, फेलोशिप मिळाली तर आणखी एक वर्ष इथे राहते. नाही मिळाली तर मी निघाले, तू बस तुझ्या बाकड्यावर. मी म्हटलं, डन. तिचा चेहरा काही डन नव्हता.
पण काळजीचं कारण नाही. फेलोशिप मिळणारच आहे.

५ ऑगस्ट
टेबल खिडकीशी ओढलं. लेखकाला उजेड डावीकडून लागतो. खुर्ची कुरकुरत होती, तिला तेल घातलं. तेल फरशीवर सांडलं, फरशी पुसली. पानं: शून्य. पण वातावरण तयार झालं.

६ ऑगस्ट
उजेड जास्त होतो. टेबल परत जागेवर.

९ ऑगस्ट, दुपार
आमचे सर केबिनमध्ये कधी सापडत नाहीत. त्यांना जिन्यातच गाठावं लागतं. गाठलं. शिफारसपत्राचं काढताच नेहमीचं उत्तर: तूच लिहून आण, मी सही करतो. ही त्यांची जुनी पद्धत. वाचतही नाहीत. मला तर हेच हवं होतं. माझ्याविषयी माझ्याइतकं बारकाईने कोण लिहिणार?
दोन पायऱ्या खाली जाऊन सर थांबले. म्हणाले, अरे, आणि त्या घुम्याचंही लिहून टाक. त्याला स्वतःचं लिहायला बसवलं तर महिनाभर नुसता कागदाकडे बघत बसेल.
घुम्या! म्हणजे तोही अर्ज करतोय. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, रस्त्यावरच्या दिव्यांवर प्रबंध लिहितो, दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातला एकही शब्द फेलोशिप नव्हता. तडक कँटीन गाठलं.
चहा घेतल्यावर बरं वाटलं. घुम्या काय टक्कर देणार.

११ ऑगस्ट
चॅप्टर तूर्त बाजूला. आधी पत्र. पत्र चांगलं झालं की चॅप्टर कोण वाचतो.

१५ ऑगस्ट
माझ्या पत्राचा सातवा ड्राफ्ट. ‘हुशार’ काढून ‘प्रज्ञावंत’ घातलं. ते जड वाटलं म्हणून ‘असामान्य’ केलं. आता ओघ आला.

१६ ऑगस्ट, सकाळ
नववा आणि अंतिम. शेवटचा परिच्छेद तर मीच चार वेळा वाचला: ‘उमेदवाराचा प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला आहे. त्याची जिद्द अशी, की कोणी आधार दिला अथवा न दिला, तो हे काम तडीस नेल्याशिवाय राहणार नाही.’ वाचताना सरांबद्दल आदर वाटला. माणूस किती ओळखतो आपल्याला.
बायकोला वाचायला दिलं. ती डबा भरत होती. एका हाताने कागद धरून वाचला आणि विचारलं, हा कोण? म्हटलं, कोण म्हणजे? मीच. ती म्हणाली, एकदा भेटव मला. आणि ऑफिसला गेली.
नोकरदार माणसांना असली भाषा झेपत नाही.

१८ ऑगस्ट, दुपार
घुम्याचं पत्र. वाईट लिहायचं नाही असं ठरवून बसलो. मी काही कुणाच्या पाठीत सुरा खुपसणाऱ्यांतला नाही. फक्त वस्तुनिष्ठ लिहायचं. पण त्याच्याविषयी मला माहीत काय, तर तो दिव्यांवर लिहितो आणि बोलत नाही. मग अंदाजाने लिहिलं:
‘उमेदवार कष्टाळू आहे. पण एकेक पान त्याच्याकडे कित्येक दिवस तसंच पडून राहतं. झालं का विचारलं, की झालंच म्हणतो. चुकेल या भीतीने तो सुरुवातच करत नाही, आणि मग इतर कामं काढून स्वतःला गुंतवून घेतो. घरच्यांनी त्याच्यासाठी पुष्कळ सोसलं आहे आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायची त्याला लाज वाटते. हुशारी कमी नाही. धीर कमी आहे. आत्ता कोणी हात दिला नाही, तर त्याचं हे काम कधीच पुरं होणार नाही, असं मला वाटतं.’
अशा लंगड्या घोड्यावर कोण पैसे लावील? आणि बघा, एक शब्दही वाईट नाही.
नवल म्हणजे एका बैठकीत झालं. खाडाखोड नाही. इतकं सलग काही लिहून कित्येक वर्षं झाली असतील. हात गरम आहे तोवर चॅप्टरला बसायचं होतं, पण थकवा आला.

२० ऑगस्ट
सरांनी जिन्यातच, कठड्यावर कागद ठेवून, दोन्हींवर सह्या केल्या. पेन माझंच. पत्रांबरोबर तेही सर घेऊन गेले.

२६ ऑगस्ट
चॅप्टर तीन: चार ओळी. त्यातल्या दोन चांगल्या.

२७ ऑगस्ट
दोन ओळी.

३१ ऑगस्ट, दुपार
अर्ज दिला. चॅप्टर जुनाच, मागच्या सेमिनारचा, वरची तारीख बदलून. बदललं काय तर वरचं साल, पण नव्या तारखेने मजकुरालाही तजेला आला. ऑफिसातल्या बाईंनी शिक्का मारता मारता आठवण करून दिली, तुमची नोंदणी डिसेंबरात संपतेय हं. मी म्हटलं, डिसेंबरात मी बाइंडिंग करून आणतो की नाही ते बघा. त्या म्हणाल्या, मागच्या डिसेंबरातही हेच म्हणाला होतात. या बाईंना काय काय लक्षात राहील नेम नाही.
बाहेर घुम्या उभा होता. म्हणाला, दादा, सरांनी माझं पत्र दिलं का? म्हटलं, दिलं. चांगलंय? म्हटलं, सर कधी वाईट लिहितात का! त्याने खिशातून सफरचंद काढलं, अर्धं कापून मला दिलं. खाल्लं. बिया कितीतरी वेळ मुठीतच राहिल्या.

७ सप्टेंबर
निकाल नाही. ईमेल उघडतो, बंद करतो, परत उघडतो. अशात लिहिणार कसं? निकाल लागला की बसतोच.
घुम्या शेजारी बसून कोऱ्या कागदाकडे बघतो. त्याच्याकडे बघितलं की मला उगाचच राग येतो. शेवटी जागा बदलली.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
बायकोने पडदे काढून धुतले. म्हटलं, आत्ताच कशाला? म्हणाली, मळले होते. धुतले, वाळले, पण परत लावले नाहीत. घडी करून ठेवलेत. मी पण विचारलं नाही. उघड्या खिडकीतून समोरचे लोक सरळ घरात बघतात.

१७ सप्टेंबर
आज तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या घुम्याचं पत्र कसं लिहिलंस? म्हटलं, वस्तुनिष्ठ. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायला उठलो.
घाबरलोय, असं नाही. पण समजा नाहीच मिळाली तर? ही खरंच जाईल. सकाळी चपला घालताना ‘येते’ म्हणते, ते म्हणणारं घरात कोणी उरणार नाही. नको तो विचार. मिळणार आहे.

२२ सप्टेंबर, सकाळ
निकाल लागला. घुम्याला.

२२ सप्टेंबर, दुपार
आता शांतपणे लिहितो. मला आलेलं ईमेल असं: ‘आपल्या मार्गदर्शकांच्या मते आपला प्रबंध जवळजवळ पूर्ण असून आधाराशिवायही आपण तो तडीस नेणार आहात. याबद्दल समिती आपलं हार्दिक अभिनंदन करते. उपलब्ध निधी अधिक गरजू उमेदवारास देण्यात येत आहे.’
हार्दिक अभिनंदन!
सरांना जिन्यात पकडलं. ते खूश होते. म्हणाले, तुझ्या पत्राचं अध्यक्षांनी फार कौतुक केलं रे, म्हणाले, असल्या माणसाला आपली गरजच काय. आणि घुम्याच्या पत्राने तर म्हणे सगळे गप्पच झाले. मग आवाज खाली आणून मला विचारलं, काय लिहिलं होतं मी त्यात?

२३ सप्टेंबर
घुम्या मला शोधत आला. वर्षभरात बोलला नसेल इतकं एका दमात बोलला. ऑफिसातल्या बाईंनी त्याला पत्राची प्रत दिली होती. ती घडी घालून शर्टाच्या खिशात. म्हणाला, दादा, हे मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. कागदासमोर बसतो आणि हात चालत नाही, घरी जाऊन खोटं बोलतो, हे मला वाटायचं फक्त मलाच होतं. सरांना कसं कळलं हो? त्यांनी तर मला धड कधी पाहिलंही नाही.
त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, सर फार बारीक बघतात.
तो म्हणाला, स्वतः त्यातून गेल्याशिवाय असं लिहिता येत नाही. मग गेला. आज पहिल्यांदाच त्याच्या टेबलावरचा कागद अर्धा भरलेला दिसला.
डोकं दुखतंय. बहुतेक चष्म्याचा नंबर बदलला असावा.

२६ सप्टेंबर, संध्याकाळ
बायकोने होकार कळवला. पंधरा ऑक्टोबरला हजर व्हायचंय. मला वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर मी पण चार शब्द ऐकवले असते. ती नुसती म्हणाली, तू येतोयस का? आणि हे बघ, ड्राफ्ट नको करूस, तोंडाने सांग.
मी म्हटलं, येतो. पहिल्या फटक्यात. एकही शब्द बदलला नाही.
मग ती रडली. मला वाटतं मीही.

२९ सप्टेंबर
नोंदणीचं ऑफिसात विचारलं. बाई म्हणाल्या, समितीच्या कागदावर तुमचा प्रबंध जवळजवळ पूर्ण आहे, मग डिसेंबरात द्या. म्हटलं, तसा पूर्ण नाही. त्या म्हणाल्या, मग मुदतवाढ मागा, आणि काम का राहिलं याचं गाइडचं पत्र आणा. खरं कारण लिहिलेलं हवं.
सर जिन्यातच भेटले. अर्थातच. तूच लिहून आण, मी सही करतो.

३० सप्टेंबर, दुपार
पत्राला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: ‘असामान्य उमेदवाराच्या प्रबंधास काही अपरिहार्य कारणांमुळे’. खोडलं. ‘विषयाच्या व्याप्तीमुळे’. खोडलं. बायको शेजारी पुस्तकं खोक्यात भरत होती, चिकटपट्टीचा आवाज सारखा येत होता.
शेवटी घुम्याचं पत्र उघडलं. नाव बदललं. बाकी एका शब्दालाही हात लावावा लागला नाही.
प्रिंट काढून तिला वाचायला दिलं. खोक्यावर बसून तिने ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि माझ्या बॅगेत नीट ठेवलं. हा कोण, असं या वेळी विचारलं नाही.