हळद लागलेलं पदक

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सुट्टी मिळाली! पंधराला अबू धाबीहून विमान. मनालीचं पहिलं बाळंतपण, तिला माझ्याशिवाय आहे कोण? पासपोर्ट मॅडमच्या कपाटात. निघताना देते म्हणाली.

मॅडमचा छोटा लिओ झोपल्यावर सुरी, कात्री, मिक्सर, इस्त्री मांडून हळदकुंकू वाहिलं. मग हॉलमधलं पदक आठवलं. मॅडमच्या पणजोबांना मोरोक्कोच्या लढाईसाठी फ्रान्स सरकारने दिलेलं, चांदीचं. शिपायाची वस्तू आणि आज बिनपूजेची? तेही मांडलं.

२ ऑक्टोबर

मेले मी! पदकाची फीत हिरवी-पांढरी. पांढऱ्यावर हळद बसली. साबण लावला तर लालच झाली. दहा तारखेला मॅडमचा भाऊ येतोय, पदक न्यायलाच.

ड्रायव्हर हनीफला दाखवलं. म्हणाला, “सत्या, किसी को मत बोल. छुट्टी खलास हो जाएगी.”

५ ऑक्टोबर

हळद उन्हात उडते, आणि इथे अबू धाबीच्या खलिफा सिटीत उन्हाला काय तोटा! मॅडम ऑफिसला गेली की फीत गच्चीवर, ती यायच्या आत खाली.

मनालीचा फोन. पाय सुजलेत. “आई, तू नक्की येतेस ना?” हो म्हणाले. कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. या घरात जीव कोंडतो आता.

८ ऑक्टोबर

हळद गेली. हिरवा रंगही गेला! आगीतून फुफाट्यात.

१० ऑक्टोबर

भावाने फीत पाहिली. मी सगळं सांगून टाकलं. मॅडम लालबुंद झाली. भाऊ मात्र हसला आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत, सावकाश बोलला. दुसऱ्यांच्या गावांवर चालून गेल्याचं हे पदक, ते घरात मिरवायचं कसं? पणजोबांनाही ते नकोच होतं. तिकडे असताना त्यांना मुलगी झाली. रजेसाठी अर्जांवर अर्ज केले.

“रजा मिळाली नाही,” तो म्हणाला, “हे मिळालं.”

आता न्यायचं मन नाही म्हणाला आणि पदक इथेच ठेवून गेला.

१३ ऑक्टोबर

मॅडमचा राग गेला. फितीबद्दल चकार शब्द नाही. तिकीट मात्र पुढे ढकललंय. लिओ माझ्याशिवाय जेवत नाही, दुसरी बाई मिळत नाही. “जानेवारीत, इन्शाल्ला. तू तर घरचीच आहेस.”

घरची! माझं घर तिकडे वाट बघतंय. बाथरूमचा नळ सोडून रडले.

१९ ऑक्टोबर

मनालीला कळा सुरू. शेजारीण सोबत आहे.

२० ऑक्टोबर

मुलगी झाली. मॅडमला सांगितलं. तिने मला मिठी मारली, डोळे पुसले आणि ते पदक माझ्या हातात ठेवलं.