स्वेच्छेने केलेला अर्ज

शुक्रवार, ९ ऑगस्ट
दुपारी दोन

दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं बरं आहे. हे गाडी घेऊन बाहेरगावी गेलेत, बुधवारी येतील. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलून घेतला. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या वर बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच "अगं, आधी माझं ऐक" म्हणता येत नाही, एवढं बरं.

वहिनींकडून तुझा निरोप पोचला. आमच्या तक्रारीवर सोमवारी शिक्षण कार्यालयात सुनावणी आहे, तिथे मी म्हणायचं की अर्ज न वाचता सही केली, गैरसमज झाला. मग तुमच्या मोठ्या बाई तुझ्या भाचीला "खास बाब" म्हणून शाळेत परत घेतील. मागच्या बाकावर बसवतील, सहलीला नेणार नाहीत, आणि वर्गात फिट आली तर शाळा जबाबदार नाही असं मी लिहून द्यायचं. वा रे वा! म्हणजे खारू शाळेत असणार, पण पाहुणी म्हणून.

नाही, दादा. हे जमणार नाही.

तू म्हणशील, ही एवढी शहाणी कधी झाली? मी नाही झाले, पोरगी झाली. एप्रिलपासून ती घरी आहे. पहिला महिनाभर माझ्याशेजारी बसून बटणं लावली. मग वाचनालयात जायला लागली. तिथल्या बाईंनी एकदा विचारलं, "शाळेच्या वेळेत इथे कशी गं तू?" ही म्हणाली, "आईने माझं नाव काढलं." त्यांनी सरकारी शाळांच्या नियमांचं पुस्तक कपाटातून काढून हिच्या हातात दिलं. तेरा वर्षांची पोर, रोज चार पानं वाचायची आणि मी कापड बेतत असताना मला ऐकवायची. आजारपणासाठी कुणाला शाळेतून काढता येत नाही. काढायचंच झालं तर लेखी कारण द्यावं लागतं, आईबापांना आणि मुलाला बोलावून त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. शाळेतले मुलाचे कागद पालकाने मागितले की दाखवावेच लागतात. मी आपली हूं हूं करत कात्री चालवायची आणि विषय बदलायची.

कारण आम्हाला कुणी काढलंच नव्हतं ना! अर्ज आम्हीच केला होता. "घरगुती कारणास्तव स्वेच्छेने नाव कमी करावे." अक्षर तुझं, सही माझी. मोठ्या बाईंना स्वतःहून काढायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी तुला पाठवलं. मुलीचा मामाच शाळेचा क्लार्क, याहून सोयीचं काय?

तू तो कागद घेऊन आलास तेव्हा मी एका कोटाची बाही टाचत होते. तोंडात टाचण्या होत्या, दादाने कागद पुढे केला, मी सही केली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ह्यांना, शेजारणीला, खारूलाही. तूही तेच धरून चालला आहेस.

आता खरं सांगते. तू पाणी प्यायला आत गेलास, तेव्हा मी टाचण्या काढून ठेवल्या आणि अर्ज वाचला. दोनदा वाचला. "स्वेच्छेने" या शब्दाशी थांबलेसुद्धा. आणि मग सही केली. थकले होते रे मी. दर आठवड्याला शाळेचा फोन, या आणि हिला घेऊन जा. फाटकाशी उभ्या असलेल्या आया मला बघितलं की आपापली पोरं जवळ ओढायच्या, जणू फिट म्हणजे गोवर. वाटलं, घरी राहू दे, म्हणजे मला कुणाची तोंडं बघायला नकोत. सही मी तिच्यासाठी केली नाही, माझ्यासाठी केली. मला त्याची लाज वाटते.

गेल्या रविवारी हे सगळं मी खारूला सांगितलं. दोन दिवस माझ्या शेजारी बसली नाही. ताट उचलायची आणि खिडकीत जाऊन जेवायची. मंगळवारी ते पुस्तक आणून मशीनच्या फळीवर आपटलं.

"आई, त्या अर्जावर माझी सही कुठे आहे?"

"तुझी कशी असेल? तू लहान."

"मग हे वाच." तिने ओळीवर बोट ठेवलं. शिकण्याचा हक्क मुलाचा आहे, पालकाच्या अर्जाने तो संपत नाही; दुसऱ्या शाळेत नाव लागल्याशिवाय पहिल्या शाळेने नाव काढायचं नाही. "तू वाचून सही केलीस की न वाचता, असं यात कुणी विचारलेलंच नाही. उगाच रडत बसू नकोस."

दादा, बावीस वर्षं तू त्या खुर्चीत बसतोस. हा नियम तुला ठाऊक नव्हता असं मला सांगू नकोस. मी वाचून सही केली, तू वाचून लिहिलंस. आपण दोघं एका आईची लेकरं शोभतो खरी!

म्हणून सोमवारी मी "न वाचता" म्हणणार नाही. तसं म्हटलं की चूक एका बावळट शिंपिणीची ठरते, आणि मोठ्या बाई उपकार करायला मोकळ्या. पुढच्या पोराच्या घरी पुन्हा असाच कागद जाईल, तुझ्याच अक्षरात. मी सांगणार आहे की वाचून सही केली, आणि तरीही तो अर्ज चालत नाही, कारण मी जे देऊन टाकलं ते माझं नव्हतंच. खारू पुढच्या बाकावर बसेल आणि सहलीलाही जाईल. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं आणि जवळ थांबायचं. तिच्या मैत्रिणींना हे येतं, मास्तरांना यायला काय झालं? आणि मोठ्या बाईंना माझ्याकडची शाळेच्या गणवेशांची शिलाई काढून घ्यायची असेल तर खुशाल घेऊ देत.

तुझ्या नोकरीला धक्का लागावा असं मला वाटत नाही. पण तू यावंस, आणि तो अर्ज तुला कुणी लिहायला लावला ते आपल्या तोंडाने सांगावंस. अकरा वाजता, पहिला मजला. नाही आलास, तर त्यांनी विचारल्यावर मी तुझं नाव सांगेन. माझं मात्र न विचारताच सांगणार आहे.

आधी खारूची आई,
मग तुझी बहीण