अम्मीच्या हातातली थरथर

प्रिय शहिस्ता,

अम्मीची बाजू घेतली म्हणून तू माझाही नंबर बंद केलास, तेव्हा हे पाकीट पोस्टाने. फाडायचंच असेल तर वाचून मग फाड.

अम्मीने स्वतःच्या तोंडाने बोलावल्याशिवाय लोणावळ्याच्या घराचा उंबरा चढणार नाही, असं तू तुझ्या निकाहाच्या दिवशी म्हणालीस. तीही हट्टाला पेटली. तुम्हा दोघींच्या मध्ये मी मात्र पुरता भरडला गेलो. आता तर तिचे कान पूर्णच गेलेत. मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणते आणि काढून ठेवते.

माझं काम तुला ठाऊक आहे. फोनमधले स्पीकर, मोटर, बटणं चालवणारे सी भाषेतले बारके प्रोग्रॅम लिहायचे. तू मला यंत्रांचा हमाल म्हणायचीस. म्हटलं, चला, थोडी घरची हमाली करू. अम्मीच्या फोनची मोटर प्रत्येकासाठी वेगळी थरथरेल असं केलं. माझा फोन आला की एक लांब थरथर, तुझा आला तर लांब, आखूड, लांब. ती झटक्यात शिकली. फोन कानाला लावून आपलं बोलून घेते, समोरच्याला संधीच देत नाही. पूर्वी तरी कुठे देत होती म्हणा!

गेल्या आठवड्यात फोन अपडेट झाला आणि माझा प्रोग्रॅम बंद पडला. दुरुस्त करून मी आतल्या खोलीतून, वायफायवरून चाचणी घेतली, नेमकी तुझ्या थरथरीची. फोन टेबलावर आहे असं वाटलं होतं. तो अम्मीच्या हातात होता. स्क्रीनकडे न बघताच तिने तो कानाला लावला. मी धावत गेलो, पण ती रडत बोलत होती, “लय झालं आता, पोरी. निकाहाला आले न्हाई, चुकलंच माझं. घरी ये. जावयालाबी घेऊन ये.”

पलीकडे कुणीच नव्हतं, हे तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही. तेव्हापासून तिने उशांना नवे अभ्रे शिवलेत, बेडसे गावच्या मावशीलाही निरोप धाडलाय. रोज विचारते, “निघाली का?” मी भेकडासारखी होकारार्थी मान हलवतो. तुला हा माझा डाव वाटेल, वाटू दे. पण तिने तुला बोलावलंय, शहिस्ता, आणि ते ऐकणारा मी एकटाच होतो. पुन्हा एवढं बोलायचं बळ तिच्यात उरलं असेल असं मला वाटत नाही. ये. माझ्यावर तिला खरं सांगायची वेळ येऊ देऊ नकोस.

तुझाच,
नवाजभाई